आधी सुपर मेट्रॉइड की क्रोनो ट्रिगर?

भाच्याचा इंजिनिअरिंगचा शेवटचा बॅकलॉग यंदा एकदाचा निघाला. अर्धा किलो कुंदा घेऊन घरी आला, पाया पडला, आणि टीव्हीखालच्या कप्प्यातली माझी वही ओढून पानं उलटत म्हणाला, "मामा, माझे सगळे क्लिअर झाले. तुझे अजून ३७ राहिलेत की!"

वही जुन्या व्हिडिओ गेमची आहे. कुणी चांगली म्हणून सांगितली, कुठं वाचनात आली, की नाव लिहून ठेवायचं. पूर्ण झाली की लाल पेनानं काट. ३७ नावांवर अजून काट नाही, हे खरं. मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत असतो. सेकंड शिफ्ट करून घरी यायला साडेबारा होतात, जेवून हात धुतले की झोप येईपर्यंत तास-पाऊण तास आपला. त्यात जेवढं होईल तेवढं.

त्याला पुण्याला रुजू व्हायला तीन आठवडे होते. खानापूरला घरी बसायचं, बाहेर जुलैचा पाऊस, काम काही नाही. "एकच सांग. आणि नंतर वाटायला नको, की दुसरी घेतली असती तर बरं झालं असतं." लाल काट मारलेल्यांपैकी दोन नावांवर त्यानं बोट ठेवलं: सुपर मेट्रॉइड, १९९४ आणि क्रोनो ट्रिगर, १९९५. दोन्ही गेल्या वर्षभरात मी संपवल्या, एक पावसाळ्यात आणि एक थंडीत. त्याला तोंडी जे सांगितलं ते आता नीट मांडतोय. तुमच्याही समोर याच दोघी असतील तर बघा.

दोन्ही गेम सुपर निन्टेंडोच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या १६ बिटवाल्या यंत्रावरच्या. हे यंत्र आमच्या गल्लीत कधी आलंच नाही. आमच्याकडं होती ती १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल, ८ बिटवाली, म्हणजे एक पिढी मागची, पिवळ्या कॅसेटची. कॅसेटवर '९९९९९९९ इन वन' छापलेलं आणि आत फिरून फिरून काँट्रा, मारिओ, टँक. कॅसेट लागली नाही तर फुंकर मारायची. त्यातनं उठलो ते थेट सायबर कॅफेत जाऊन बसलो, मधली १६ बिटांची पायरी चढलोच नाही. म्हणून या दोन गेम मी चाळिशीत पहिल्यांदा बघितल्या. काँट्राबद्दल मला विचारू नका. तिला मी मार्क देणार ते शेजाऱ्यांच्या सोप्यात दाटीवाटीनं बसून काढलेल्या रविवारांचे असणार. या दोघींचा मात्र माझ्याकडं काही वशिला नाही.

सुपर मेट्रॉइडमध्ये सुरुवातीचं निवेदन सोडलं तर वाचायला जवळजवळ काही नाही. सॅमस आरान नावाची अंतराळातली बाई एकटी झेबीस ग्रहावर उतरते. उतरते तेव्हा पाऊस पडत असतो. माझ्या खिडकीबाहेरही पडत होता, त्यामुळं पहिल्या पाच मिनिटांतच मी खलास झालो. पुढं ग्रहाच्या पोटात खाली खाली जायचं. दारं रंगांची आहेत: निळं कुठल्याही गोळीनं उघडतं, लाल दाराला पाच मिसाईल लागतात, हिरव्याला सुपर मिसाईल, पिवळ्याला पॉवर बॉम्ब. हे कुठं लिहिलेलं नाही. दारावर गोळ्या झाडून झाडून कळतं.

ब्रिन्स्टार भागात एक पूल आहे. पाय ठेवला की विटा ढासळतात आणि सॅमस खाली. उडी मारून बघितलं, गोळा होऊन गडगडत जाऊन बघितलं, बॉम्ब लावून बघितले. दोन रात्री मी त्या पुलावर घालवल्या. तिसऱ्या रात्री शिफ्टवरनं येताना रेल्वे गेटवर मालगाडीसाठी थांबलो असताना डोक्यात आलं, की आपण खेळतो त्या हातात धरायच्या मशीनवर एक बटण असं आहे ज्याला आपण अजून बोटच लावलेलं नाही. बटण कुठलं ते सांगत नाही. पण घरी येऊन चप्पल न काढता मी मशीन चालू केली होती.

आणखी खाली एका उंच विहिरीसारख्या जागेत तीन हिरवी इवलीशी जनावरं भेटतात. ती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टणाटण उड्या मारत वर जातात, पुन्हा खाली येतात, पुन्हा जातात. तुमच्याकडं बघत थांबल्यासारखी वाटतात. बास, हाच धडा. तुम्हालाही ते जमतं एवढंच त्यांना सांगायचं असतं.

मराठी शाळेतनं निघून बेळगावच्या कारखान्यात लागलेल्या माणसाला हे शिकणं ओळखीचं आहे. मला कन्नड कुणी शिकवलं नाही. पहिल्या महिन्यात 'बेड' म्हणजे नको आणि 'साकु' म्हणजे पुरे, एवढं कळलं, तेही समोरचा लॅडल (वितळलेला रस ओतायचं भांडं) थांबवायला सांगतोय की पुढं आणायला, त्यावरून. वाळूचे साचे करणारा, मोल्डिंगवाला जुना मिस्त्री तर बोलायचाच नाही. वाळू मुठीत दाबून मूठ उघडायचा, गोळा मोडून दाखवायचा आणि आपल्याकडं बघायचा. पाणी जास्त की कमी ते आपण ओळखायचं. सुपर मेट्रॉइड त्या मिस्त्रीसारखी आहे. ज्यांना असल्या माणसाचा राग येतो त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. मी खरंच सांगतोय, चेष्टा करत नाही. माझ्या एका मित्रानं त्या पुलाशीच गेम सोडली आणि त्याचं त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही.

क्रोनो ट्रिगर याच्या अगदी उलट, बोलकी. जपानमध्ये त्या काळी तीन मोठी नावं एका टेबलाशी बसली: फायनल फँटसी गेमचे हिरोनोबू साकागुची, ड्रॅगन क्वेस्ट गेमचे युजी होरी आणि चित्रं काढायला ड्रॅगन बॉलवाले अकिरा तोरियामा. ड्रॅगन बॉल बघितलेल्या माणसाला क्रोनोचे, म्हणजे गेमच्या नायकाचे, ताठ उभे केस लगेच ओळखू येतील. गोष्ट काळात पुढं-मागं जाण्याची आहे. सुरुवात इसवी सन १००० मध्ये, तिथून ६०० मध्ये, तिथून २३०० मध्ये, मग साडेसहा कोटी वर्षं मागं. इंग्रजी भरपूर वाचावं लागतं. त्यातला तलवार घेतलेला बेडूक तर सुपर निन्टेंडोच्या आवृत्तीत 'दाऊ' नि 'दाय'वाली जुनी इंग्रजी बोलतो. सुरुवातीला मी वैतागलो, पण थोड्या वेळानं ते इनामदारी थाटाचं वाटायला लागलं.

तिच्यातली एक जागा मात्र मी विसरणार नाही. गेम सुरू होते जत्रेत. जत्रेत तुम्ही भटकता, ढोल वाजतायत, पळण्याची शर्यत आहे, एका पोरीला धक्का लागतो, तिचं लॉकेट पडतं. एका ठिकाणी कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला दिसतो. खाल्ला तर अंगात थोडी ताकद येते. गेममध्ये दिसेल ते उचलायचं, खायचं, ही आपली ८ बिटांपासूनची सवय. ॲडव्हेंचर आयलंडमध्ये फळं नाही खाल्ली तर जीवच जातो. मी डबा खाल्ला आणि पुढं गेलो. दोन-अडीच तासांनी, म्हणजे माझ्या हिशेबानं तीन दिवसांनी, क्रोनोवर राजवाड्यात खटला उभा राहिला. पोरीला पळवल्याचा आरोप. आणि साक्षीला कोण आला, तर तो डबेवाला म्हातारा! धक्का लागल्यावर आधी पोरगीकडं बघितलं की लॉकेट उचललं, तेही निघालं. सात पंच एकेक करून कौल देतात. मी रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात एकटा बसून लाजलो होतो. बायकोनं आतनं विचारलं, "काय झालं ओ?" आता काय सांगणार, की डबा खाल्ला म्हणून कोर्टात उभा आहे?

निकाल काहीही लागला तरी तीन दिवस कोठडी आहेच. त्यापुढं काय होतं ते तुमचं तुम्ही बघा.

इथपर्यंत दोघींच्या बाजूनं बोललो. आता ज्यावर खरा निर्णय करायचा ते. माझ्या मते जुनी गेम निवडताना 'चांगली कुठली' हा प्रश्न फारसा कामाचा नाही, चांगल्या त्या दोघीही आहेतच. विचारायचं ते असं: मी ही मधेच सोडून दहा दिवसांनी परत आलो तर काय होईल?

सुपर मेट्रॉइडबाबतीत उत्तर वाईट आहे. मी अकरा रात्री सलग खेळलो आणि मग गणपती आले. घरचा गणपती, मंडळाचं काम, पाहुणे, विसर्जनाची रात्र. जवळजवळ दोन आठवडे मशीनला हात नाही. परत चालू केली तर मी ग्रहाच्या नॉरफेअर भागात, लाव्ह्याच्या वर एका खोलीत उभा, आणि आपण इथं कशाला आलो होतो याचा पत्ता नाही. गेममध्ये नकाशा आहे, नाही असं नाही. पण नकाशा खोल्या दाखवतो. कुठल्या खोलीत वर हात पोचला नव्हता, कुठलं पिवळं दार पॉवर बॉम्ब नसल्यामुळं सोडून आलो होतो, ते सगळं माझ्या डोक्यात होतं आणि डोक्यातनं गेलं होतं. दोन रात्री नुसतं हिंडलो. शेवटी वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढून दारांचे रंग लिहायला घेतले, तेव्हा गाडी रुळावर आली. हे मी पहिल्या दिवसापासून करायला पाहिजे होतं. तुम्ही करा.

क्रोनो ट्रिगर सोडून मी असाच पंधरा दिवस गेलो होतो, कंपनीत ऑडिट होतं. परत आल्यावर फारसं बिघडलं नाही. गोष्ट लक्षात राहतेच, मालिकेचा एखादा भाग चुकला तरी राहते तशी. नेमकं कुठं जायचं ते विसरलं तर गावातल्या चार लोकांशी बोललं की धागा सापडतो. आणि गेमच्या उत्तरार्धात तर सगळ्या काळांच्या शेवटी, दिव्याच्या खांबाखाली एक म्हातारा डुलक्या घेत उभा असतो, त्याला हलवलं की तो काय काय राहिलंय ते आडून आडून सांगतो. शिफ्टच्या माणसासाठी असा म्हातारा असणं फार मोठी गोष्ट आहे. मोठ्या नकाशावर असताना सेव्हही कुठंही करता येतं. गुहेत किंवा किल्ल्यात शिरलं की ठरलेल्या जागीच, पण ती जागा सहसा मोठ्या लढाईच्या अलीकडं असते.

सुपर मेट्रॉइडमध्ये सेव्हच्या खोल्या वेगळ्या, आणि त्या गाठेपर्यंत जीव मुठीत. करंट गेला तर गेलं. हातातल्या बॅटरीच्या मशीनवर खेळणाऱ्यांना हा त्रास नाही, शिवाय हल्ली कुठल्याही क्षणी खेळ गोठवून ठेवता येतो. ती सोय वापरावी की नाही यावर लोक भांडतात. माझं मत सरळ आहे: झोपायला जाताना वापरा, मरायच्या आधी वापरू नका.

हाताच्या चपळाईचं म्हणाल तर क्रोनो ट्रिगरला ती लागतच नाही. शत्रू आधीपासून समोर दिसतात, चालता चालता अचानक अंगावर लढाई येण्याचा त्या काळातल्या अशा गेमचा वैताग इथं नाही. सेटिंगमध्ये लढाईचे 'ॲक्टिव्ह' आणि 'वेट' असे दोन प्रकार आहेत. दमून आलेल्या माणसानं डोळे झाकून 'वेट' निवडावा, म्हणजे तुम्ही मंत्र किंवा औषध निवडेपर्यंत समोरचा थांबतो. सुपर मेट्रॉइडमध्ये बोटं पाहिजेत. भिंतीवरच्या उड्या मला अजूनही दहातल्या चारदाच जमतात. सुदैवानं गेम पूर्ण करायला त्या लागतात असं नाही. एक खरी तक्रार आहे ती शस्त्र बदलण्याची. सिलेक्ट बटण दाबत एकेक करून पुढं सरकायचं, घाईत हवं ते हुकतं आणि पुन्हा सगळी फेरी. क्रेड नावाचा राक्षस समोर दोन पडदे उंच उभा असताना हे करून बघा.

संगीताबाबत मी फार बोलत नाही, मला त्यातलं कळत नाही. मेट्रॉइडचं संगीत अंधारात बसून ऐकायचं आहे, क्रोनोचं कामावर गुणगुणायचं. क्रोनोचे संगीतकार यासुनोरी मित्सुदा कामाच्या ताणानं अल्सर होऊन आजारी पडले आणि दुसरे संगीतकार नोबुओ उएमात्सुंनी हात दिला. ओव्हरटाइम सगळीकडंच आहे म्हणायचा.

पुन्हा खेळण्यासाठी क्रोनोला दहाहून जास्त शेवट आहेत, आणि एकदा संपली की कमावलेली ताकद घेऊन पुन्हा सुरू करता येते. कागदावर ती इथं जिंकते. माझ्या हातात मात्र उलटं झालं. क्रोनो दुसऱ्यांदा चालू केली आणि जत्रेच्या पुढं गेलो नाही, कारण गोष्ट माहीत झाली होती. (डबा या वेळी खाल्ला नाही.) सुपर मेट्रॉइड दुसऱ्यांदा निम्म्या वेळात झाली आणि पहिल्यापेक्षा जास्त आवडली. तिचा शेवट तुम्ही किती वेळात पोचलात त्यावर बदलतो, सगळ्यात चांगला तीन तासांच्या आत. मी त्याच्या जवळपासही नाही.

भाच्यानं मधेच विचारलं, "मग या दोन्ही सोडून काही?" म्हणून तेही सांगतो. ज्यांच्याकडं रात्रीची फक्त वीस मिनिटं आहेत त्यांनी या दोघींचाही नाद सोडून मेगा मॅन २ घ्यावी, १९८८ ची. आठ रोबो, कुठल्याही क्रमानं मारा, ज्याला मारलं त्याचं शस्त्र आपल्याला मिळतं आणि ते दुसऱ्या कुणावर तरी भारी पडतं. सेव्ह नाही, पासवर्ड आहे: पाच बाय पाच चौकोनात नऊ ठिपके. माझ्या वहीत असे चार-पाच चौकोन आहेत आणि आईला बरेच दिवस ती रांगोळी वाटत होती. प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९, ही पंधरा वर्षांपूर्वी संपवायला पाहिजे होती. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची चाल काढली, ती आजही बघत राहावी अशी आहे. पण सगळी गेम साठ मिनिटांच्या घड्याळावर चालते. दिवसभर घड्याळाकडं बघून आलेल्या माणसाला रात्री पुन्हा घड्याळ नको. घोस्ट्स एन गॉब्लिन्स तर संपवली की सांगते, हे सगळं खोटं होतं, आता पुन्हा पहिल्यापासून खेळ. तिच्या नावावर मी काट मारली ती रागानं.

तेव्हा असं धरा. सलग दोन-तीन आठवडे मोकळे असतील, रोज खेळणं होणार असेल, तर सुपर मेट्रॉइड. मला दहा-अकरा तास लागले, गणपतीनंतरच्या त्या हरवलेल्या दोन रात्री सोडून. रोज बसणं झालं तर ग्रह डोक्यात राहतो आणि मजा त्यातच आहे. दिवस तुटक असतील, मधे लग्न, शेती, परीक्षा, बाळ, काहीही येणार असेल, तर क्रोनो ट्रिगर. ती वीस-पंचवीस तासांची आहे, पण महिना-दोन महिने पुरवून खाता येते. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर प्रश्नच मिटला, मेट्रॉइड. फक्त मोबाइलवरच खेळणार असाल तरीही प्रश्न मिटला, पण उलट बाजूनं: क्रोनो मोबाइलवर अधिकृत मिळते आणि २०१८ पासून कॉम्प्युटरवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातही आहे, आणि काचेवर बोट लावून नीट खेळता येते. सुपर मेट्रॉइड निन्टेंडोच्या स्विचवर वर्गणी भरून मिळते, आणि तिला खरी बटणं पाहिजेतच. दिवसा उजेडात खेळणार असाल तर तिचे अर्धे कोपरे दिसणारही नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

आणि घरात दोघं असाल, रविवार असेल, तर यातलं काहीच नको. टँकवाली गेम लावा, म्हणजे नामकोची १९८५ ची बॅटल सिटी. ३५ पडदे, दोघांनी मिळून आपला गरुड राखायचा. भाचा जायच्या आदल्या रविवारी आम्ही ती लावली आणि नवव्या पडद्यावर त्यानं गडबडीत आपल्याच गरुडाभोवतीच्या विटा फोडल्या. दोष अर्थातच माझा निघाला.

तो तीन आठवड्यांसाठी सुपर मेट्रॉइड घेऊन खानापूरला गेला होता. चौथ्या रात्री मी शिफ्टवर असताना त्याचा फोटो आला. पडद्यावर अर्धा ढासळलेला पूल, आणि खाली फक्त "मामा?" मी जेवणाच्या सुट्टीत बघितला, फोन परत खिशात टाकला आणि डबा उघडला.